कासऱ्याच्या आत एकच माणूस

एका दस्ताला माणसं किती लागतात? कायद्यानं विचाराल तर लिहून देणारा, लिहून घेणारा आणि ‘होय, हाच तो माणूस’ असं सांगणारे दोन ओळखदार. आमच्या घोडेगावात विचाराल तर जीप भरून. भाऊ, भावांच्या बायका, चुलता, गावातला एक शहाणा आणि ‘मी आपला असाच आलो बरं का’ म्हणणारा एक कोणीतरी असायचाच. सगळे एकदम माझ्या दहा बाय दहाच्या दुकानात शिरायचे, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावायचे आणि आपलं नाव कुठंय ते शोधायचे. मी ओरडायचे, ते हसायचे, मग समोरून चहा यायचा. खरेदी असो, वाटणी असो, बक्षीसपत्र असो, आमच्याकडं सगळं असंच चालायचं.

दुकान तहसील कचेरीच्या फाटकासमोर. सासरे जुने दस्तलेखक, हातानं लिहायचे. अक्षर असं की माणसं नुसतं बघायला थांबायची. मी लग्न होऊन येडगावहून आले तेव्हा टायपिंगची परीक्षा पास होते, म्हणून त्यांनी हळद उतरायच्या आत मला मशीनवर बसवलं. नव्वद सालानंतरची गोष्ट. पुढं मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, रजिस्ट्री ऑफिसात कॅमेरा आला, अंगठ्याचं यंत्र आलं. सासऱ्यांचे हात कापायला लागले, दमा वाढला, आणि परवाना माझ्या नावावर झाला. त्यांची कॉट दुकानामागच्या खोलीत. मधे भिंत नाही, नुसता पडदा. नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी यायचा. तेव्हा दुकान म्हणजे मी आणि पडद्याआडचा तो खोकला.

आणि मग स्वाईन फ्लूचं साल आलं. पुण्यात शाळा बंद झाल्या, टीव्हीवर दिवसभर तोंडाला फडकी बांधलेली माणसं दिसायला लागली. पहिल्यांदा आमच्याकडं चेष्टाच. ‘आमच्या आळीत डुकरंच न्हाईत, आमाला कसला व्हतोय!’ मग मंचरच्या कोणाला तरी पुण्याला नेलं असं ऐकू आलं. खरं-खोटं देव जाणे, पण बाजारात मेडिकलवाल्याकडचे मास्क दुपारपर्यंत संपले. मी सासऱ्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर ओळखीचे, स्पष्ट बोलणारे. म्हणाले, “यांना हा ताप आला तर माझ्या हातात काही राहणार नाही. माणसं येतात ते दुकान तेवढं बंद ठेवा.”

बंद ठेवा! बोलायला काय जातं? समोरची कचेरी उघडी होती. रजिस्ट्री चालू होती. मी दुकान बंद ठेवलं असतं तर येणारी जीप शेजारच्याकडं वळली असती, आणि एकदा वळलेली जीप पुन्हा आपल्याकडं येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. घरी येऊन मी भांडी घासता घासता रडले. रागानं रडले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं की दुकान चालणार आणि रोग पडद्याच्या पलीकडं जाणार नाही. काय करायचं ते करू.

घरात बैलांचा जुना कासरा होता. तो दाराला आडवा बांधला. बाहेर बाक टाकला, बादली ठेवली, साबण ठेवला. अंगठ्याच्या शाईचं पॅड सगळ्यांना एकच असायचं, ते मी कात्रीनं कापलं आणि प्रत्येकाला एकेक तुकडा द्यायला लागले. पेन ज्याचं त्यानं आणायचं. कागदाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. चहा आत येणार नाही. एवढं सगळं मोठ्या अक्षरात टाईप करून दारावर चिकटवलं, तर पहिलाच आलेला गडी ते बोटाला थुंकी लावून पुसून बघायला लागला, शाई ओली आहे का म्हणून. मी कपाळावर हात मारून घेतला.

“वहिनी, आमी काय बैलं हाय का, कासरा लावलाय त्यो?” असं एक जण म्हणाला.

“बैल असता तर बरं झालं असतं,” मी म्हटलं, “त्याला थांब म्हटलं की थांबतो. हात धुवा आधी.”

हसले सगळे. धुतले हात. लोक वाईट नसतात हो, त्यांना कोणीतरी खडसावून सांगावं लागतं एवढंच. पुरुषांना रुमाल बांधायला लावताना नाकी नऊ यायचे. बायकांचं तसं नव्हतं. पदर तोंडावर घ्या म्हटलं की त्या घ्यायच्या, त्यांना ते सांगायचीही गरज नव्हती. मग समोर ऑफिसात फोटोला बसवलं की तिथला माणूस ओरडायचा, “पदर काढा, तोंड दिसू द्या!” म्हणजे मी झाका म्हणणार आणि तो उघडा म्हणणार. त्या बिचाऱ्या दोघांचंही ऐकायच्या.

पण ज्या नियमाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता तो वेगळाच. कासऱ्याच्या आत एका वेळी एकच माणूस. ज्याची सही तो आत, बाकीचे रस्त्याच्या पलीकडं चहाच्या टपरीवर. भाऊ नाही, बायको नाही, गावातला शहाणा नाही. मी वेळा नेमून द्यायला लागले. लिहून घेणारे सकाळी, ओळखदार अकराला, लिहून देणारे दुपारी. गर्दी तुटली. काम शांतपणे व्हायला लागलं. हे मला आधी का सुचलं नाही, असंही वाटून गेलं.

सासऱ्यांना ते अजिबात पटलं नाही. पडद्याआडून म्हणाले, “एकेकट्याला आत घेऊ नगंस. दस्त सगळ्यांच्या देखत व्हावा. एकटं बसलं की माणूस इचार करायला लागतं.”

“मग करू द्या की विचार!” मी म्हटलं. “तुमच्या छातीपेक्षा दस्त मोठा आहे का?”

पडद्याआड कॉट करकरली. मला वाटलं, म्हातारं माणूस, जुनी सवय.

आता हक्कसोडीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कायदा बदलल्यापासून बापाच्या जमिनीत मुलींची नावं लागायला लागली. नाव लागलं म्हणजे सही आली. जमीन विकायची तर घेणाऱ्याचा वकील पहिलं विचारणार, बहिणींचं काय? मग बहिणीला माहेरी बोलवायचं, गोडाधोडाचं जेवण घालायचं, साडी घ्यायची, आणि तिच्याकडून लिहून घ्यायचं की मी माझा हिस्सा भावांना सोडला. ते हक्कसोड पत्र. मी शेकड्यानं केलीत ती. बहीण स्टुलावर बसायची, भाऊ तिच्या पाठीमागं उभा राहायचा आणि तिच्या खांद्यावरून हात घालून बोट ठेवायचा, “हितं.” ती करायची. साडीची पिशवी तिच्या मांडीवरच असायची. ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ हे वाक्य तर माझ्या बोटांना इतकं पाठ होतं की मी दुसऱ्याशी बोलता बोलता टाईप करायचे.

माझं स्वतःचं हक्कसोड पत्र मी स्वतःच टाईप केलंय. हसू नका. वडील गेल्यावर भाऊ आले, म्हणाले, “तूच कर, घरचंच काम हाय.” केलं. खाली सही केली, अंगठा उठवला, घरी गेले, पुरणपोळी खाल्ली. येडगावच्या धरणाकडची ती जमीन, बारमाही पाण्याची. मनात विचारसुद्धा आला नाही. आला असता तरी मी तो कोणाला बोलून दाखवला नसता.

तर त्या साली, गणपती उठल्यावर, शिनोलीचे तीन भाऊ आले. भीमाशंकर रस्त्याला त्यांची जमीन. त्यातला रस्त्याकडचा तुकडा मंचरचे एक व्यापारी गोदामासाठी घेत होते. व्यापारी सरळ माणूस, पिढ्यान्‌पिढ्या मंचरला राहिलेला, आमच्यासारखाच मराठी बोलणारा. त्यानं मला मास्कचा एक अख्खा पुडा पाठवून दिला होता, “दादांची काळजी घ्या” असा सासऱ्यांसाठी निरोप देऊन. त्याची अट एकच, आधी बहिणीची सही, मग खरेदीखत. बहीण एकुलती एक, बोरी बुद्रुकला दिलेली.

थोरला भाऊ कासऱ्यापलीकडून म्हणाला, “वहिनी, हक्कसोड नुसत्या त्या तुकड्याची नगं. समद्याचीच घ्या लिहून. पुन्ना पुन्ना तिला कशाला तरास?”

“सगळ्याची म्हणजे?”

“वरचं रान, हीर, घर. सातबाऱ्यावर तिचं नाव जिथं-जिथं हाय तिथं.”

असं सगळेच करतात. एका दस्ताच्या जागी चार कशाला करायचे? मी टाईप केलं. चार मिळकती, एकाखाली एक. शेवटची ‘राहते घर, पडवी व पडवीतील खोलीसह’. भावांच्या सह्या सकाळी उरकल्या, ओळखदारांच्या उरकल्या. बहिणीला दुपारी दोनची वेळ दिली.

ती अडीचला आली. बोरीहून नारायणगाव, नारायणगावहून मंचर, मंचरहून घोडेगाव, अशा तीन एसट्या बदलून. पंचेचाळिशीची असेल. अंगावर धुऊन धुऊन विटलेलं लुगडं, पायात पुरुषी चप्पल. हात धुतले, पदर तोंडावर घेतला, कासऱ्याखालून वाकून आत आली आणि स्टुलावर बसली. मी कागद पुढं केले. माझं पेन तिला दिलं, तिच्याकडं नव्हतं.

“इथं सही, इथं अंगठा. मग पुढच्या पानावर.”

तिनं पेन घेतलं आणि मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. भाऊ रस्त्यापलीकडं टपरीवर बसले होते, मधून ट्रॅक्टर चालला होता. ती बराच वेळ तिकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

“ताई, काय लिव्हलंय यात?”

मला खरंच दचकल्यासारखं झालं. पंधरा-सोळा वर्षांत एकाही बाईनं मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “घरी सांगितलं असेल की.”

“सांगितलंय. पन तुमी वाचा.”

मी वाचायला घेतलं. भरभर वाचायला लागले तर म्हणाली, “सावकास.” मग सावकाश वाचलं. एक नंबरची मिळकत रस्त्याकडची. दोन नंबर वरचं रान. तीन विहीर. चार नंबर राहतं घर, पडवी व पडवीतील खोलीसह. या सर्वांतील माझा हक्क, हिस्सा, हितसंबंध मी कायमचा सोडून देत आहे.

“घर बी?”

“हो.”

“आन्‌ पडवीतली खोली?”

“तीसुद्धा.”

“भाऊ तर म्हनला, रस्त्याकडचा तुकडा. गोदामाला द्यायाचाय तेवढाच.”

तिनं पेन टेबलावर ठेवलं, अगदी हळू, आवाज होऊ नये असं.

“माजं सासरी काय खरं न्हाई, ताई,” ती म्हणाली. “मालकांनी ममईला दुसरी केलीया, धा वरसं झाली. मूलबाळ न्हाई. दीर रोज म्हनतो, कुनाच्या जिवावर बसलीयास. उंद्या त्यांनी भाईर काढली तर मी जायाचं कुठं? रान घेऊ द्या, हीर घेऊ द्या, तुकडा इकू द्या. मला कायबी नगं. तेवढी पडवीतली खोली असू द्या माज्या नावाची. तेवढंच एक हाय माजं.”

एवढंच होतं. एक खोली. मी त्या घरी कधी गेले नाही, पण आमच्या भागातल्या पडवीतल्या खोल्या मला माहीत आहेत. कणगी, अवजारं, पेंडीची पोती, आणि कोपऱ्यात एखादी बाज बसेल एवढी जागा. आणि कॉम्प्युटर माझ्या समोर चालू होता. चौथ्या नंबरची ओळ काढून टाकायची, पानं पुन्हा छापायची, भावांना बोलवून नव्या पानांवर सह्या घ्यायच्या. फार तर अर्धा तास. व्यापाऱ्याला घराशी काही देणंघेणं नव्हतंच. भाऊ चिडले असते, मला बोलले असते, कदाचित कागद घेऊन शेजारच्या दुकानात गेले असते. गेले असते तर गेले असते. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. आपल्याला काही कळलंच नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तेवढ्यात ती खोकली. दोनदा, पदरात तोंड घालून.

मी खुर्ची मागं सरकवली. तीन एसट्या बदलून आलेली बाई. किती माणसांच्या मधे बसून आली असेल? पडद्यामागं सासऱ्यांचा श्वास ऐकू येत होता, तो शिट्टीसारखा वाजणारा. मला दुसरं काही सुचेना. अगदी खरं सांगते, त्या वेळी मला भावांची भीती वाटली नाही, धंद्याचीही वाटली नाही. मला फक्त ती बाई दुकानाबाहेर हवी होती. लवकरात लवकर. आणि सहीशिवाय ती बाहेर जाणार नव्हती.

म्हणून मी बोलायला लागले. माझी जीभ चांगली चालते, धंद्यानं चालायला शिकवलीय.

“हे बघा, तुम्ही सही केली नाहीत तर व्यवहार मोडणार. घेणारा माणूस थांबत नाही. मग भाऊ तुम्हाला दारात उभं करतील का? माहेरच तुटलं तर खोली घेऊन काय करणार? आणि सख्खे भाऊ आहेत हो. नाव नसलं म्हणून खोलीत राहू देणार नाहीत का? कागदाचं काय एवढं! मीसुद्धा केलीय ना हक्कसोड. माझ्या हातानं टाईप केली. काय बिघडलं माझं?”

“तुमी केली?”

“केली की.”

“तुमी तर शिकल्या-सवरलेल्या,” ती म्हणाली. जरा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी मास्क लावलेला होता, तिला त्यात काय दिसलं कुणास ठाऊक. मग म्हणाली, “मंग ठीकंय. तुमी केली म्हंजी ठीकच आसंल.”

तिनं पेन उचललं. चौथीपर्यंत गेलेली असावी. एकेक अक्षर सुटं काढत होती, काना देताना पेन दाबून धरत होती. चार पानं, चार सह्या. अंगठ्याला मी शाईचा नवा कोरा तुकडा दिला. एरवी अंगठा मी धरून उठवते म्हणजे फाटत नाही, पण त्या दिवशी मी तिच्या हाताला हात लावला नाही. लांबूनच सांगत राहिले, जरा डावीकडं, आता दाबा, आता उचला. छान उठला अंगठा. रेष न्‌ रेष.

समोर ऑफिसात फोटो झाला. साहेबांनी विचारलं, “मजकूर समजला का?” ती म्हणाली, “ताईंनी वाचून दाखिवला.” साहेबांनी मान डोलावली. असं उत्तर त्यांना रोज मिळत नसणार.

बाहेर आली तेव्हा भाऊ टपरीवरून उठून आले होते, पण चार हात लांब उभे. ऑफिसात तिला पुन्हा खोकला आला होता, ते त्यांनी ऐकलं होतं. थोरल्यानं साडीची पिशवी माझ्या बाकावर ठेवली आणि मागं सरला. “हितं ठिवली बघ, घे,” म्हणाला. ती पिशवी उचलून तिथंच उभी राहिली. सही झाली की शिनोलीला जायचं, जेवायचं, राहायचं, ही रीत. ती त्यांच्या जीपकडं चालायला लागली, तर धाकटा म्हणाला, “आक्का, आज नगं. घरात बारकी पोरं हायती. तुला खोकला हाय. तू आपली एष्टीनंच जा. मंग कवातरी ये निवांत.”

“बरं,” ती म्हणाली.

जीप शिनोलीच्या रस्त्याला लागली आणि ती स्टँडकडं चालत गेली. मी बादलीतलं पाणी ओतलं, स्टूल फिनेलनं पुसलं, पेन फेकून दिलं. दुपारचे चार वाजले होते आणि ती सकाळपासून काही खाऊन आली होती का, हे मी विचारलं नव्हतं.

आमच्या घरात कोणाला काही झालं नाही. सासरे तरले. त्या साली कचेरीसमोरची दोन दुकानं आजारपणानं पंधरा-पंधरा दिवस बंद राहिली, माझं एक दिवसही नाही. ऑफिसातले लोक सांगायचे, शिका जरा वहिनींकडून. व्यापारी तर म्हणाला, “ताई, तुमच्यासारखी शिस्त मी मंचरलाही बघितली नाही.” मला ते ऐकून बरं वाटायचं. का नाही वाटणार? मी मेहनत घेतली होती. साथ ओसरल्यावर कासरा काढला, पुन्हा जीपा भरून माणसं दुकानात घुसायला लागली, पुन्हा भाऊ बहिणींच्या खांद्यावरून बोट ठेवायला लागले. ‘हितं.’ आणि मी पुन्हा टाईप करायला लागले.

त्या बाईची आठवण मला येत नव्हती असं म्हणणार नाही. यायची. खोकला साधा असेल ना, एवढाच विचार मनात यायचा. खोलीचा विचार मी येऊ द्यायचे नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस कोर्टाच्या आवारातल्या एका वकिलांनी मला बोलावणं पाठवलं. ओळखीचे, माझ्याकडं टायपिंग करून घेणारे. म्हटलं असेल काही काम. गेले, तर त्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर ती बसली होती. आणखी वाळलेली. मांडीवर गाठोडं, हातात दस्ताची नक्कल. जागा नव्हती म्हणून मी तिच्याच शेजारी बसले. तिनं माझ्याकडं बघून ओळखीचं हसू हसलं आणि सरकून मला जागा दिली.

दिरानं तिला घराबाहेर काढली होती. ती शिनोलीला आली, तर भावांनी दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी थोरला म्हणाला, पडवीतली खोली पाडून तिथं सिमेंटचं काम काढायचंय. ती म्हणाली, खोली माझी. तो म्हणाला, तुझी कशी? तू लिहून दिलंयस. भांडण नाही, मारहाण नाही. त्यानं आत जाऊन दस्त आणला आणि तिला तिची सही दाखवली.

वकील चांगला माणूस होता. तिच्याकडून पैसे घ्यायची त्याची इच्छा दिसत नव्हती. त्यानं मला सगळं समजावून सांगितलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. दस्त रद्द करून मागता येतो. फसवून सही घेतली, नाहीतर दबाव टाकून घेतली, असं दाखवावं लागतं. “या हक्कसोडींमधे ते सोपं असतं,” तो म्हणाला. “भाऊ मागं उभाच असतो. बाईला कोणी वाचून दाखवलेलं नसतं. अशा केस मी उभ्या केल्यात. म्हणून तुम्हाला बोलावलं. त्या दिवशी आत कोण कोण होतं?”

मी सांगितलं, “कोणी नव्हतं. साथीमुळं मी एकेकालाच आत घेत होते.”

“भाऊ?”

“रस्त्याच्या पलीकडं.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “वाचून दाखवलं होतं का?”

देवा, किती सोपं होतं! ‘वाचून दाखवलं, पण तिला सही करायची नव्हती, मी तिला करायला लावली.’ बस्स, एवढंच बोलायचं होतं. लिहून देणारीवर दबाव आणला म्हणून परवान्याची चौकशी लागली असती. माझ्या हातून झालेल्या दस्तांवर लोकांनी बोटं ठेवली असती. सासरे म्हातारपणी ते ऐकत पडून राहिले असते. हे सगळं माझ्या डोक्यात सरसर येऊन गेलं, आणि मी म्हटलं, “वाचून दाखवलं होतं. शब्द न्‌ शब्द. सावकाश.”

त्यात खोटं काही नव्हतं.

वकिलांनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगेल. ही म्हणेल, ताई मला असं म्हणाल्या, तसं म्हणाल्या. मी पदर आवळून धरला आणि तिच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

“व्हय साहेब,” ती म्हणाली. “ताईंनी समदं वाचून दाखिवलं. खोलीचं बी सांगितलं. त्यांच्यावर काय आनू नगा. त्यांनी तर मला पेन बी त्यांचंच दिलं व्हतं.”

वकील खुर्चीत मागं टेकले. “मग बाई, दबाव टाकला कोणी? दाव्यात नाव लिहावं लागतं.”

तिनं बराच विचार केला. खरोखर विचार करत होती, कपाळाला आठ्या घालून, कोणी राहून तर गेलं नाही ना असा. बाहेर कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. मग तिनं मलाच विचारलं, “ताई, कुनाचं वो नाव लिव्हावं?”

मी तिच्या शेजारीच बसले होते. मी म्हटलं, “मला काय माहीत,” आणि दुकान उघडं टाकून आलेय असं सांगून उठले.